गौरींच्या आधी की नंतर

गुडगाव, १९ जून २००५

ती. वहिनी,

फोन केला की तुम्ही "थांब, मानसला देते" म्हणता. मानस गुणी मुलगा आहे, पण मला जे विचारायचंय ते पुतण्याला विचारण्यातलं नाही. म्हणून हे पत्र. त्याने ते फोडून वाचलं तर त्याचा तोच लाल होईल, मी जबाबदार नाही.

माझी पाळी जायची वेळ आली आहे, पण ती जात नाही. निघते निघते म्हणत दारात उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखं चाललंय. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवस सलग अंगावर जातं. गेल्या महिन्यात चार्टर्ड बसमधून ऑफिसला जाताना धौला कुआंच्या पुढे माझ्या लक्षात आलं की आता मला सीटवरून उठता येणार नाही. ऑफिस आलं, सगळे उतरले, मी बसून. आमच्या सेक्शनमधली गिरिजा खाली उतरलेली परत वर आली, स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, मैडम की तबीयत ठीक नहीं, आप ज़रा उधर देखो." मग मी वर जाऊन दिवसभर फायली काढल्या. बजेटचं काम होतं, रजा कोण देणार.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात आहे. आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवला होता, त्यात वाईट काही निघालं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्र अर्धवट ठेवून देवापुढे दिवा लावायला उठाल.

इथे आमच्या सेक्टरात डॉक्टर कल्पना म्हणून आहेत. त्या म्हणतात, नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागणार नाही, एक तर पिशवी काढा नाहीतर कॉईल बसवा. कॉईल म्हणजे आपली तांबीच, पण हिच्यात तांबं नसतं. प्लास्टिकची बारकी काडी असते, तिच्यातून हॉर्मोन थोडाथोडा आतल्या आत पाझरतो, अस्तर पातळ राहतं आणि रक्त कमी जातं. पाच वर्षं चालते. तोवर पाळीचा कारभार आपोआप आटोपेल, असा हिशेब.

तुमच्या दिरांना सांगितलं. ते पेपर खाली न घेता म्हणाले, "ह्या वयात तांबी? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना दिसेल अशा जागी बसवत नाहीत.

सरलाआत्यांना पुण्याला कुणी कळवलं ठाऊक नाही, म्हणजे ठाऊक आहे, पण असो. त्यांचा फोन आला. "काढून टाक ती पिशवी. वैजयंतीने काढली, कशी सुटली!" म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही बेचाळिसाव्या वर्षी काढलीत. गाठ होती, काढावी लागली, एवढंच आम्हाला माहीत. मी तेव्हा दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातून रोज डबा घेऊन दवाखान्यात यायचे, पण काय वाटतंय असं विचारल्याचं आठवत नाही. तेव्हा भात मऊ झालाय का एवढंच विचारायची रीत होती. आता विचारते. काढल्यावर खरंच सुटल्यासारखं वाटलं का?

गौरींच्या पेटीबद्दल हे पत्र नाही. पेटी इथे माळ्यावर सुखरूप आहे.

तुमची,
हेमलता


गुडगाव, १० जुलै २००५

ती. वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. "डॉक्टर सांगतील तसे करावे. सर्वांस आशीर्वाद." आमच्या मंत्रालयातून राज्य सरकारांना जी उत्तरं जातात त्यांत याहून जास्त मजकूर असतो.

तुमचा राग माझ्यावर आहे, मान्य. पण वहिनी, गौरी मी मागितल्या नव्हत्या. विश्वनाथभाऊजी गेले, वर्ष व्हायच्या आत आत्यांनी पुण्याहून ठरवलं की आता मुखवटे धाकट्या सुनेकडे जायला हवेत, घरच्या गौरी सवाष्णीच्याच हातून उंबऱ्यातून आत यायला हव्यात. तुमचे दीर आणि मी गाडी घेऊन तुमच्या दिल्लीच्या क्वार्टरवर आलो. तुम्ही पेटी काढून दिलीत, चहा केलात, मग क्वार्टर सोडून नाशिकला गेलात, आणि तेव्हापासून आमच्या घराशी एक वाक्य बोलला नाहीत. ती पेटी घेऊन मी करू काय? सत्तावीस वर्षं मी तुमच्या स्वयंपाकघरात सोळा भाज्यांतल्या फक्त दोन चिरल्या, बाकी तुम्ही हातच लावू द्यायच्या नाहीत. "तू राहू दे, तुझं दळण जाड असतं." असायचंच जाड. मी नोकरी करत होते.

आणि गोळ्या. श्रावण संपत आला की तुम्ही तुमच्या कॅलेंडरवर अख्ख्या ब्लॉकातल्या मराठी बायकांच्या तारखा बघायच्या आणि जिची पाळी गौरींच्या अंगावर येणार तिच्या घरी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या पोचवायच्या. मेडिकलवाला तुम्हाला बघूनच पाकीट काढायचा. केंद्र सरकारचं एकही खातं इतकं वेळेवर चाललेलं मी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी गौरी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मीही त्याच गोळ्या घेतल्या. पण ज्या बाईची पाळी तारखेला येते तिने तारखेआधी घ्यायची ती गोळी. माझ्या पाळीला तारीखच उरली नव्हती. म्हटलं, ऐन आवाहनाला घोटाळा नको, म्हणून श्रावणातच सुरू केल्या आणि विसर्जनापर्यंत ओढल्या. मग थांबवल्या. पुढचे तीन आठवडे काय झालं ते लिहीत नाही. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं, पण तुम्ही रिसीव्हर मानसला दिलात.

स्वानंदीला कळलं तेव्हा ती भडकली. तिला रात्रपाळीची कॅब न्यायला आली होती, खाली हॉर्न वाजत होता आणि ही दारात उभी राहून ओरडतेय, "आई, सीरियसली? देवी बाई आहे ना? मग तिला काय प्रॉब्लेम आहे?" मी म्हटलं, देवीला नाही, आत्यांना आहे. "तर मग आत्याआजीला गोळी दे यार." तिला विटाळ म्हणजे काय ते समजावायला गेले तर म्हणाली, "ओके, वर्ड छान आहे, पण आयडिया बकवास." दिल्लीत वाढलेली मुलगी, तिच्यापुढे काय बोलणार.

मी कॉईल बसवायचं ठरवते आहे. बहुतेक.

हेमलता


गुडगाव, ३१ जुलै २००५

ती. वहिनी,

बसवली नाही. क्लिनिकमध्ये गेले, नाव पुकारलं, टेबलावर चढलेसुद्धा. डॉक्टर कल्पना हातमोजे घालता घालता सहज म्हणाल्या, "शुरू के तीन-चार महीने स्पॉटिंग होती रहेगी, घबराइएगा नहीं. कभी भी, थोड़ी-थोड़ी." मी मनात ऑगस्ट मोजला, सप्टेंबर मोजला. गौरी बरोबर मधोमध. मी उठून बसले आणि म्हटलं, डॉक्टर, थोडा सोच के आती हूँ. त्यांनी मोजे काढून टोपलीत टाकले आणि म्हणाल्या, "हेमलता जी, आप सोचती रहिए, खून तो सोच नहीं रहा."

मी विचारलं, तोवर गोळ्या घेऊन निभावू का, सणापुरत्या? त्यांनी गेल्या वर्षीचं सगळं खोदून काढलं आणि हात जोडले. या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं थांबेल, बंद केल्या की गेल्या खेपेसारखंच दुपटीने जाईल, आणि आता तेवढं रक्त माझ्या अंगात नाही. रक्त चढवायची पाळी येईल म्हणाल्या.

घरी आले. लिफ्ट बंद होती, जनरेटरचं डिझेल संपलेलं. आठ मजले चढताना चौथ्यावर बसले. गार्डने स्टूल आणून दिलं. तिथे बसून मी एवढंच म्हटलं की हे चौक-मजले-टॉवर सगळं नवं आहे, आणि मी मात्र आत्यांना घाबरून टेबलावरून उतरून आले आहे. मला स्वतःचा फार राग आला. रडू आलं नाही, राग आला.

तुमचे दीर म्हणाले, "गौरींनंतर बघू. सव्वा महिन्याचा तर प्रश्न." ते वाईट नाहीत हो. त्यांना रक्त म्हटलं की भीती वाटते आणि आत्या म्हटलं की त्याहून जास्त.

आणि काल तुमचं कुरिअर आलं. मला वाटलं पत्र असेल. आत गोळ्यांची दोन पाकिटं, आणि चिठ्ठी, "आवाहनाच्या चार दिवस आधी सुरू कर. उपाशीपोटी नको."

वहिनी, मी किती वेळ ती पाकिटं हातात घेऊन बसले होते. दीड वर्षाने तुम्ही मला एक गोष्ट पाठवलीत आणि ती नेमकी हीच. तुम्ही मनापासून पाठवल्यात हे मला कळतं. मला घ्यायचा मोहही झाला, खोटं कशाला बोलू. तुम्ही दिलेल्या गोळीने आजवर माझी एकही गौर चुकली नाही.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

हेमलता


गुडगाव, २० ऑगस्ट २००५

ती. वहिनी,

मंगळवारी बसवली.

ऑफिसातून अर्धी रजा घेतली, गिरिजा सोबत आली. पाच मिनिटं लागली असतील. एक कळ आली, बाळंतपणाची धाकटी बहीण म्हणावी अशी, मग नुसतं पोट दुखत राहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "बस, हो गया, अब पाँच साल भूल जाइए." बाहेर येऊन आम्ही दोघींनी मॉलमध्ये जाऊन कॉफी प्यायली. वाण्याच्या हिंगापेक्षा महाग आणि तितकीच कडू. घरी सांगितल्यावर तुमच्या दिरांनी उठून गरम पाण्याची पिशवी भरून आणली. झाकण नीट लावलं नव्हतं, गादी भिजली. पण आणली.

तेव्हापासून रोज थोडे डाग आहेत. डॉक्टरांनी सांगितलं तस्सं. म्हणजे गौरींच्या दिवसांतही असणार, हे धरून चालू.

तुमच्या गोळ्या या पाकिटात परत पाठवते आहे. रागावू नका. नाशिकमध्ये अजून कुणाला लागतील, तुमचं खातं तिकडेही सुरू झालं असणारच.

आता मुद्द्याचं. आत्यांचा फोन आला होता. त्यांना सगळं कळलंय. त्यांचं म्हणणं, यंदा समोरच्या फ्लॅटमधल्या कुणा सवाष्णीला बोलावून तिच्या हातून गौरी आत घ्याव्यात. समोर मिसेस चढ्ढा राहतात. बाई सोन्यासारखी आहे, पण तिला गौर म्हणजे पार्वती की लक्ष्मी हेसुद्धा माहीत नाही, आणि तिला सांगायला मलाही नक्की येत नाही.

मी आत्यांना म्हटलं, मग मोठ्या वहिनी येतील. त्या म्हणाल्या, "अगं, ती कशी?" मी म्हटलं, आत्या, जरा बघा. मी सवाष्ण, पण मला डाग आहेत. वहिनींना पंधरा-सोळा वर्षांत डाग नाही, पण कुंकू नाही. तुमच्या नियमात बसणारी बाई या घराण्यात आता एकही शिल्लक नाही. मग एक तर नियम ठेवा नाहीतर गौरी ठेवा. त्यांनी फोन ठेवला. पुण्यात सध्या माझ्याबद्दल काय बोललं जात असेल ते ऐकायला मला आवडेल.

मला एवढंच कळतं वहिनी. तुमच्याकडे गौरी होत्या तेव्हा सासूबाई, आत्या, सगळ्या म्हणायच्या की वैजयंतीसारखं सोवळं कुणाला जमायचं नाही. तुमची पिशवी गेली तेव्हा म्हणाल्या, बरं झालं, आता सण अडणार नाहीत. आणि भाऊजी गेले तर त्याच तोंडाने पेटी मागितली. ज्या दिवशी पेटी माझ्या मांडीवर ठेवून आम्ही रिंग रोडने परत आलो त्या दिवशीच मला हे लक्षात यायला हवं होतं. आलं ते चौथ्या मजल्यावर, स्टुलावर.

तर तुम्ही या. उंबऱ्यातून ज्येष्ठा तुम्ही आणा, धाकटी मी आणते, डागांसकट. आमच्या फ्लॅटला उंबरा नाही, बिल्डरने नुसती संगमरवराची पट्टी टाकली आहे. गेल्या वर्षी मी लिफ्टच्या दारापासून पावलं काढली होती, लिफ्टमधून येणारे लोक उड्या मारत गेले. तुम्ही काय ते ठरवा.

तिकीट पाठवत नाही. पाठवलं तर तुम्ही परत कराल. तुम्ही नाही आलात तर पेटी माळ्यावरच राहील, यंदा गौरी बसणार नाहीत, आणि ते मी सगळ्यांना स्वतः सांगेन.

हेमलता


गुडगाव, १६ सप्टेंबर २००५

ती. वहिनी,

पोचल्याचा मानसचा फोन आला. या वेळी त्याने रिसीव्हर तुम्हाला द्यायला हवा होता, पण तुम्ही झोपला होता म्हणे. झोपा. इथे घरात अजून पुरणाचा वास आहे आणि तुमचे दीर चार दिवस रोज तीच आमटी मिटक्या मारत जेवतायत.

तुम्ही आवाहनाच्या आदल्या सकाळी बॅग घेऊन दारात उभ्या राहिलात तेव्हा मी नुसती तुमच्या हातातली बॅग घेतली. तुम्ही म्हणालात, "आधी मला अंबाडी कुठे मिळते ते सांग." बरं झालं. दुसरं काही म्हणाला असतात तर मला आवरलं नसतं.

स्वानंदीने मला विचारलं, मोठ्या काकूने इतक्या लांबून येऊन मग मुखवटा उचलताना हात मागे का घेतला. मी तिथेच होते, मला दिसलं. लिफ्टपाशी ताम्हन घेऊन तुम्ही उभ्या, आणि हात पुढे येईना. तुमचे दीर भिंतीकडे बघत होते. मिसेस चढ्ढा नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, टाळ्या वाजवायच्या की नाही अशा विचारात. तुम्ही हळूच मला म्हणालात, "आत्यांना काय वाटेल?" आणि मी म्हटलं, "वहिनी, मला आत्ता डाग आहे. मी उचलू का दोन्ही?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, माझं दळण जाड निघाल्यावर बघायच्या ना, तस्सं. आणि ज्येष्ठा उचललीत. मला म्हणालात, "धाकटी नीट धर. कलती झालीय."

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मला चक्कर आली, तर तुम्ही खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "बसून लाट. विटाळ उभ्याने कमी होत नाही." पंचवीस वर्षांपूर्वी याच दिवशी एका बाईच्या साडीचा काठ तुमच्या ताटाला लागला म्हणून तुम्ही अख्खा स्वयंपाक परत केला होतात. मी त्या दिवसाची आठवण काढली नाही. तुम्हीही काढली नाहीत. दोघींनी मिळून चाळीस पोळ्या केल्या आणि एकही फाटली नाही.

आता निजामुद्दीन स्टेशनावरचं. तुम्हाला एसी डब्यात गुदमरतं म्हणून साधं स्लीपरचं तिकीट होतं, हे देवानेच केलं, नाहीतर खिडकीतून बोलता आलं नसतं. गाडी हलली आणि तुम्ही गजांना धरून, लांबच्या सिग्नलकडे बघत म्हणालात, "हेमलता, गाठ नव्हती गं."

मी गाडीबरोबर चालत होते. तुम्ही म्हणालात, डॉक्टर म्हणत होते गोळ्यांनी बरं होईल, दोन-तीन वर्षं काढा. मीच म्हटलं, काढून टाका, दर वर्षी गौरींना जीव टांगणीला लागतो. मग प्लॅटफॉर्म संपला.

तेव्हापासून मी विचार करते आहे. म्हणजे तुम्ही बेचाळिसाव्या वर्षी त्या दोन मुखवट्यांसाठी पिशवी देऊन टाकलीत, आणि घरात सगळ्यांना गाठ सांगितलीत, कारण गौरींसाठी काढली म्हटलं असतं तर भाऊजींनी काढू दिली नसती. आणि आम्ही गाडी घेऊन आलो आणि ते मुखवटे घेऊन गेलो. तुम्ही चहा केलात. साखर बरोबर दोन चमचे होती, मला आठवतंय. वहिनी, मला फार वाईट वाटतंय. एवढं साधं वाक्य मी फायलीवर कधी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्या जूनच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तुम्ही सुटला नव्हतात. थोडा उशीर झाला, पण मिळालं. माझं मी ठरवलं ते बरं केलं, हेही त्यातून कळलं.

आणि एक. गाडी सुटल्यावर पाय पसरताना तुमच्या सीटखाली काहीतरी लागलं असेल. मानस म्हणाला, आईने अजून ते उघडलं नाही, कवटाळून झोपलीय. ती पत्र्याची पेटीच आहे. तुम्ही शेजारच्या बाईशी बोलत होता तेव्हा मी आत सरकवली. नीट लक्षात घ्या, तुम्ही गाठीचं सांगायच्या आधी सरकवली. तेव्हा दया वगैरे काही मनात आणू नका, आणि परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. मुखवटे कापसात गुंडाळलेत, ज्येष्ठेच्या नथीचा मोती सैल आहे, तेवढा बसवून घ्या.

आत्यांचा फोन येईलच. मी सांगेन, गौरी मोठ्या सुनेच्या घरी आहेत, त्यांच्या त्या गेल्या.

पुढच्या भाद्रपदात मी नाशिकला येते. तोवर डॉक्टर म्हणतात डाग थांबतील. नाही थांबले तरी येते. भाज्या सोळाच्या सोळा मी चिरीन, आणि तुम्ही हात लावू द्यायचा.

तुमची,
हेमलता